आफ्रिकेच्या नकाशावर ओझं कोणी वाहिलं?

उर्दूत भूगोलाला ‘जुगराफिया’ म्हणतात. मूळ शब्द ग्रीक, तिथून अरबी, मग फारसी आणि शेवटी आपल्या शाळेच्या वेळापत्रकात. मी शिकवतो उर्दू आणि मराठी, भूगोल माझा विषय नाही. पण आफ्रिकेचा नकाशा भिंतीवर टांगला की भाषेच्या मास्तरालाही त्यावर बोलावंसं वाटतं. त्या नकाशावरचे कितीतरी शब्द आपल्याच घरातले आहेत. ‘सहारा’ म्हणजे आपला सहरा, वाळवंट. ‘साहेल’ म्हणजे साहिल, किनारा. आपल्या वर्गात या नावाचा एक तरी मुलगा असतोच. साहिलचं अरबी अनेकवचन ‘सवाहिल’, त्यावरून ‘स्वाहिली’ भाषा. ‘मान्सून’ हा मौसमचाच फिरून आलेला अवतार. ‘मगरिब’ म्हणजे पश्चिम. आणि ‘सुदान’? अरब भूगोलकार सहाराच्या दक्षिणेला ‘बिलाद अस-सूदान’ म्हणत, म्हणजे काळ्या लोकांचा मुलुख.

यातले बाकीचे शब्द जमिनीची नावं आहेत. शेवटचा मात्र माणसाच्या रंगावरून आला आहे. हा फरक डोक्यात ठेवून पुढचं वाचावं, ही विनंती.

आफ्रिकेबद्दल आपल्याकडे दोन प्रकारची माणसं बोलतात. एकांच्या मनात जंगल, सिंह, दुष्काळ आणि उपासमार एवढंच असतं. दुसरे आपले बांधव. त्यांना मन्सा मूसाचं सोनं आणि टिंबक्टूची ग्रंथालयं माहीत असतात आणि ते अभिमानाने ती माहिती पुढे पाठवतात. दोघांनाही खंडाची रचना ठाऊक नसते. त्यामुळे इस्लाम तिथे कुठे पोहोचला, कुठे थांबला आणि कोणाच्या खांद्यावर बसून गेला, हे प्रश्न पडत नाहीत. माझ्या मते आफ्रिकेचा इतिहास समजून घ्यायचा सगळ्यात सोपा मार्ग एक साधा प्रश्न विचारण्याचा आहे: या पट्ट्यात ओझं कोण वाहतं?

खंडाची रचना

आधी आकार. आफ्रिकेचं क्षेत्रफळ सुमारे ३ कोटी चौरस किलोमीटर आहे, म्हणजे भारताच्या साधारण नऊपट. शाळेच्या भिंतीवरचा जगाचा नकाशा बहुतेकदा मर्केटर पद्धतीचा असतो. १५६९ साली दर्यावर्दींच्या सोयीसाठी तयार झालेल्या त्या पद्धतीत ध्रुवांकडचे प्रदेश फुगतात. त्यावर ग्रीनलंड आणि आफ्रिका जवळपास सारखे दिसतात. प्रत्यक्षात आफ्रिका ग्रीनलंडच्या सुमारे चौदापट आहे.

आता हवामान. विषुववृत्त या खंडाच्या जवळजवळ मधून जातं. कर्कवृत्त आणि मकरवृत्त, दोन्ही ज्याच्यावरून जातात असा हा एकच खंड. विषुववृत्ताजवळ सूर्य वर्षभर डोक्यावर असतो. हवा तापते, वर जाते, थंड होते आणि पाऊस देते. पाऊस देऊन कोरडी झालेली तीच हवा २० ते ३० अंश अक्षांशांच्या आसपास खाली उतरते. उतरणारी हवा ढग जमू देत नाही, म्हणून तिथे वाळवंट. पावसाचा हा पट्टा सूर्याच्या मागे जूनमध्ये उत्तरेला आणि डिसेंबरमध्ये दक्षिणेला सरकतो. त्यामुळे जंगल आणि वाळवंट यांच्या मधल्या भागाला वर्षातून काही महिने पाऊस मिळतो आणि बाकीचे महिने कोरडे जातात. तिथे उंच गवत आणि विखुरलेली झाडं वाढतात, तो सॅव्हाना.

म्हणजे वरून खाली येताना पट्टे असे लागतात: भूमध्य सागराकाठची गहू-ऑलिव्हची पट्टी, सहारा, साहेल, सॅव्हाना, काँगो खोऱ्याचं वर्षावन, मग पुन्हा सॅव्हाना, मग कलाहारी आणि नामिबची वाळवंटं, आणि शेवटी केपच्या टोकाला पुन्हा भूमध्य सागरासारखं हवामान. जणू विषुववृत्तावर आरसा ठेवला आहे. ही मांडणी मोडते फक्त पूर्वेकडे. तिथे इथिओपियापासून दक्षिणेपर्यंत उंच पठारं आणि खचदऱ्या आहेत. उंचीमुळे विषुववृत्ताजवळचं नैरोबी थंड हवेचं शहर आहे आणि ५,८९५ मीटर उंच किलिमांजारोच्या माथ्यावर बर्फ आहे.

या रचनेतून एक नियम निघतो. पूर्व-पश्चिम चाललात तर हवामान फारसं बदलत नाही. उत्तर-दक्षिण चाललात तर दर काहीशे किलोमीटरवर पीक बदलतं, रोग बदलतात आणि ओझं वाहणारं जनावर बदलतं.

घोडा

मुस्लिम सैन्य इजिप्तमध्ये शिरलं ६३९ साली. ६७० मध्ये आजच्या ट्युनिशियात कैरवान शहर वसलं. रोमन लोक त्या भागाला ‘आफ्रिका’ म्हणत, अरबांनी त्याचं ‘इफ्रीकिया’ केलं, आणि त्या एका प्रांताचं नाव पुढे अख्ख्या खंडाला मिळालं. ७११ मध्ये तारिक बिन जियाद समुद्र ओलांडून स्पेनमध्ये उतरले. साधारण सत्तर वर्षांत खंडाची उत्तर किनारपट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत पार झाली. बर्बर टोळ्यांचा प्रतिकार कडवा होता, तरीही हे घडलं. याला श्रद्धा, नेतृत्व आणि बायझंटाईन सत्तेची दुबळी अवस्था ही कारणं आहेतच. पण वाटही सोयीची होती: हिवाळी पाऊस, गहू, चारा, आणि घोडा जगेल अशी जमीन.

तेच सैन्य नाईलच्या काठाने दक्षिणेला वळलं तेव्हा काय झालं? ६५२ साली न्युबियातल्या डोंगोलाला वेढा पडला. न्युबियन तिरंदाजांनी दाद दिली नाही. नाईलमधले खडकाळ प्रपात नौकांना अडवत होते. शेवटी करार झाला, त्याला ‘बक्त’ म्हणतात. तो सुमारे सहाशे वर्षं टिकला. ख्रिश्चन न्युबियाने दरवर्षी साडेतीनशेच्या वर गुलाम पाठवायचे आणि इजिप्तकडून धान्य, कापड वगैरे घ्यायचं, असा त्यातला व्यवहार होता. खंडातल्या आपल्या पहिल्या दक्षिणवाटेच्या करारातच माणसं जिन्नस म्हणून लिहिली गेली आहेत, हे नोंदवून पुढे जाऊ.

उंट

सहारा सुमारे ९० लाख चौरस किलोमीटर आहे. चित्रपटात दिसते तशी वाळू त्याच्या साधारण पाव भागातच आहे. बाकी खडकाळ पठारं आणि खडीची मैदानं. हे वाळवंट कायमचं नाही. सुमारे ११,००० ते ५,००० वर्षांपूर्वीच्या काळात पृथ्वीच्या कक्षेतल्या संथ बदलांमुळे उन्हाळी पाऊस उत्तरेकडे खोलवर जायचा. तेव्हा इथे तळी आणि कुरणं होती. अल्जीरियातल्या तासिली नाजेरच्या खडकांवर गुरांचे कळप रंगवलेले आहेत. पाऊस मागे हटला तशी माणसं नाईलकडे आणि दक्षिणेकडे सरकली.

कोरड्या झालेल्या सहारातून नियमित वाहतूक शक्य केली उंटाने. इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत तो उत्तर आफ्रिकेत पसरला आणि आठव्या शतकापासून काफिल्यांचा व्यापार स्थिर झाला. उत्तरेकडून मीठ, कापड, तांबं, घोडे, पुस्तकं. दक्षिणेकडून सोनं आणि गुलाम. काफिल्याबरोबर धर्मही गेला. सहारापलीकडे इस्लाम मुख्यतः व्यापारी आणि आलिम घेऊन गेले. १०६८ साली अल-बक्रीने घाना राज्याच्या राजधानीचं वर्णन लिहिलं आहे: शहराचे दोन भाग, एक राजाचा आणि दुसरा मुसलमान व्यापाऱ्यांचा, आणि त्या दुसऱ्या भागात बारा मशिदी. राजा मुसलमान नव्हता. दोघांना एकमेकांची गरज होती.

१३५२ च्या फेब्रुवारीत इब्न बतूता सिजिलमासाहून निघाला. पंचवीस दिवसांनी तो तगाजाला पोहोचला. तिथली घरं आणि मशीद मिठाच्या ठोकळ्यांची, छपरं उंटाच्या कातड्यांची. झाड नाही, पीक नाही. खजूर उत्तरेकडून यायचे आणि भरड धान्य दक्षिणेकडून. तो लिहितो की तिथे मसूफा टोळीचे गुलाम तेवढे राहतात आणि मीठ खणतात. एका उंटाच्या ओझ्याएवढ्या मिठाला वलाताला आठ-दहा मिस्काल सोनं मिळे. तेच मीठ माली शहरात वीस-तीसला विकलं जाई, कधी चाळीसला. मीठ तेच, किंमत वाढत होती ती वाहून नेण्याची.

होडी आणि गाढव

दोन महिन्यांच्या प्रवासानंतर काफिल्याला दक्षिणेकडची पहिली हिरवळ दिसायची. वाळूचा समुद्र संपून किनारा लागायचा. म्हणून तो ‘साहिल’. नाव ज्याने दिलं त्याला भूगोल कळत होता.

साहेलमध्ये वर्षाला साधारण २०० ते ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही तीन-चार महिन्यांत. इथे पिकते बाजरी. उत्तर मालीत तिच्या लागवडीचे साडेचार हजार वर्षांपूर्वीचे पुरावे सापडले आहेत. ज्वारी मूळची पूर्व सुदानकडची, नाचणी पूर्व आफ्रिकेच्या उंच भागातली. तिन्ही धान्यं हजारो वर्षांपूर्वी समुद्रापलीकडून भारतात आली आणि जिथे आपल्यासारखा पाऊस मिळाला तिथे रुजली: बाजरी नगरच्या कोरड्या माळावर, ज्वारी सोलापूर-मराठवाड्यात, नाचणी सह्याद्रीच्या उतारावर. आपण जिला अस्सल मराठी भाकरी म्हणतो तिचं पीठ आफ्रिकेच्या पट्ट्यांत घडलं आहे.

नायजर नदीचा प्रवाहही विलक्षण आहे. ती समुद्राजवळच्या डोंगरात उगम पावते, पण समुद्राकडे न जाता ईशान्येला वाळवंटाकडे जाते आणि तिथून मोठं वळण घेऊन दक्षिणेला उतरते. त्या वळणाजवळ टिंबक्टू आहे. इथे उंटावरचा माल होडीत जायचा आणि पुढे गाढवांवर. जिथे वाहन बदलतं तिथे बाजार बसतो, बाजारात पैसा येतो, आणि पैशामागे मदरसे. मन्सा मूसा १३२४ मध्ये हजला जाताना कैरोत उतरला. त्याच्या दानधर्माने तिथला सोन्याचा भाव पडला आणि बारा वर्षांनंतरही तो सावरला नव्हता, असं अल-उमरीने लिहून ठेवलं आहे. १३७५ च्या कॅटलन नकाशात तो हातात सोन्याचा गोळा घेऊन बसला आहे. हे सगळं खरं आहे आणि त्याचा अभिमान वाटणं साहजिक आहे.

पण या राज्यांची ताकद घोडदळात होती, आणि साहेलच्या दक्षिणेला घोड्याची पैदास जेमतेम होई. घोडे उत्तरेकडून आणावे लागत. चाड सरोवराजवळच्या बोर्नूसारख्या राज्यांत त्यांची किंमत गुलामांत चुकवली जाई. गुलाम मिळवायला दक्षिणेत धाडी, धाडींना घोडे, घोड्यांसाठी पुन्हा गुलाम. मन्सा मूसाचा संदेश पुढे पाठवताना हे चक्र आपण गाळतो.

माणसाचं डोकं

आणखी दक्षिणेला गेलं की पाऊस वाढतो, झाडी दाट होते आणि त्सेत्से माशी लागते. ती ट्रिपॅनोसोम नावाचा परजीवी रक्तात सोडते. माणसाला त्याने निद्रारोग होतो, तर घोडे, उंट आणि बहुतेक गुरं ‘नागाना’ रोगाने झिजून मरतात. ही माशी खंडाच्या सुमारे एक कोटी चौरस किलोमीटर भागात आढळते. माली आणि सोंघाईचं घोडदळ दक्षिणेत एका मर्यादेपलीकडे टिकलं नाही, याचं एक मोठं कारण ही माशी आहे. पश्चिम आफ्रिकेच्या नकाशावर आजही उत्तरेला मुस्लिम बहुसंख्या आणि दक्षिणेच्या वनपट्ट्यात इतर धर्म असं चित्र अनेक देशांत दिसतं. ती रेषा बऱ्याच अंशी पावसाची आणि माशीची रेषा आहे. तलवार किंवा तर्क यांच्यापेक्षा एका किड्याने इतिहासात जास्त काम केलं, हे मान्य करायला आपल्याला जड जातं.

जिथे जनावर जगत नाही तिथे ओझं कोण वाहणार? माणूस, आपल्या डोक्यावर. पूर्व आफ्रिकेत एकोणिसाव्या शतकात झांझिबारहून आत जाणाऱ्या काफिल्यांत प्रत्येक हमालाच्या वाट्याला साधारण ३० किलो वजन यायचं. सगळे हमाल गुलाम नव्हते. न्यामवेझी लोक मजुरीवर ही कामं करत आणि त्यात नाव कमावून होते. पण पकडलेल्या माणसांच्या डोक्यावर हस्तिदंत देऊन किनाऱ्याला आणणं आणि तिथे दोन्ही विकणं हाही धंदा होता. टिप्पू टिप या नावाने ओळखला जाणारा हामिद बिन मुहम्मद अल-मुर्जबी काँगोच्या जंगलापर्यंत पोहोचला तो याच व्यापारात. वर्षावनात इस्लामचं नाव घेऊन जाणाऱ्या पहिल्या मोठ्या काफिल्यांपैकी काही हे होते. झांझिबारचा गुलामांचा बाजार १८७३ मध्ये ब्रिटिशांच्या दबावाखाली बंद झाला.

युरोपियनांनी अटलांटिकपार सुमारे सव्वा कोटी माणसं जहाजांत कोंबून नेली. ते पाप इतकं मोठं आहे की त्याकडे बोट दाखवलं की आपली बाजू झाकली जाईल असं वाटतं. ती झाकली जात नाही. इब्न बतूता १३५३ मध्ये परतला तेव्हा त्याच्या काफिल्यात सहाशे गुलाम स्त्रिया होत्या. त्याने माली राज्यातला न्याय, सुरक्षितता आणि लोकांची नमाजाची आस्था यांचं मनापासून कौतुक केलं आहे. त्या स्त्रियांबद्दल मात्र एका ओळीपलीकडे काही नाही.

मौसमी वारा

पूर्व किनाऱ्याची गोष्ट वेगळी, कारण तिथे ओझं वारा वाहतो. नोव्हेंबर ते मार्च ईशान्येचा वारा अरबस्तान आणि भारताकडून गलबतं आफ्रिकेला नेतो. एप्रिलनंतर वारा फिरतो आणि गलबतं परततात. दोन्ही मोसमांच्या मधले महिने व्यापाऱ्याला किनाऱ्यावर काढावे लागत. तिथे त्यांची लग्नं झाली, मुलं झाली, भाषा मिसळली. त्यातून स्वाहिली समाज घडला: बांटू व्याकरण, अरबी शब्द, पोवळ्याच्या दगडाच्या मशिदी. दक्षिणेकडे सोफालाच्या पुढे वाऱ्याचा भरवसा राहत नाही, म्हणून मुस्लिम बंदरांची माळही तिथवरच आहे. आतल्या पठारावरच्या ग्रेट झिंबाब्वेकडचं सोनं सोफालाला उतरे आणि किलवाला श्रीमंत करे.

१३३१ मध्ये इब्न बतूता किलवाला गेला, तेव्हा तिथले लोक शाफई पंथाचे आहेत असं त्याने नोंदवलं. आपल्या कोकणातले मुसलमानही शाफई आहेत, देशावरचे बहुतेक हनफी. रत्नागिरीची मशीद आणि किलवाची मशीद यांच्यामध्ये एक समुद्र आणि एकच वारा आहे.

हबश

इथिओपियाचं पठार दोन हजार मीटरहून उंच आहे, खोल दऱ्यांनी चिरलेलं. खाली दानाकिलचं मैदान समुद्रसपाटीपेक्षाही शंभर मीटरहून खोल आणि भट्टीसारखं तापलेलं. वर जून ते सप्टेंबर भरपूर पाऊस, गार हवा, सुपीक माती. नाईलचं सुमारे ८५ टक्के पाणी याच पठारावरून येतं. इजिप्तमध्ये पाऊस नसताना भर उन्हाळ्यात पूर का येतो, याचं उत्तर इथे आहे. कैरोच्या रोडा बेटावर ८६१ साली अब्बासी खलिफाच्या काळात नदीची पातळी मोजणारा स्तंभ उभा राहिला. त्या आकड्यावर सारा ठरायचा. इथिओपियाचा पाऊस इजिप्तच्या शेतकऱ्याचं नशीब लिहीत होता.

याच पठाराच्या राजाकडे, नजाशीकडे, ६१५ च्या सुमारास मक्केतले छळलेले मुसलमान आश्रयाला गेले. इस्लामची ही पहिली हिजरत, मदिनेच्याही आधीची. परंपरेनुसार हजरत जाफर (रजि.) यांनी दरबारात सूरह मरयममधल्या आयती वाचल्या आणि ख्रिश्चन राजाने त्यांना परत पाठवायला नकार दिला. डोंगरी किल्ल्यासारख्या त्या देशाने नंतरची अनेक शतकं आपला धर्म राखला आणि मुस्लिम वस्ती जास्त करून सखल भागात व पूर्वेला वाढली.

आणि याच भागातून माणसं पकडून विकली गेली. त्यातला एक मुलगा अनेक हातांतून विकला जात अहमदनगरला आला. तो मलिक अंबर. निजामशाहीचा कारभारी झाला, मुघलांना वर्षानुवर्षं गनिमी काव्याने झुंजवलं, १६१० मध्ये खडकी वसवली, म्हणजे पुढचं औरंगाबाद, आणि डोंगरातलं पाणी खापरी नळांनी शहरात आणलं. १६२६ मध्ये तो गेला, खुलताबादला त्याची कबर आहे. जंजिऱ्याचे सिद्दीही याच समुद्रवाटेने आले. त्याच्या कर्तबगारीवर आपण बोलतो, आणि बोलायला हवंच. पण एक अंबर वजीर झाला तेव्हा त्याच्याबरोबर विकल्या गेलेल्या किती जणांची नावंही उरली नाहीत, हेही बोलावं.

शेवटचा पट्टा

आरशाचं दुसरं टोक केपचं. तिथे हिवाळ्यात पाऊस पडतो. उन्हाळी पावसावर येणारी ज्वारी-बाजरी तिथे पिकत नाही, म्हणून बांटू शेतकरी पूर्वेला अलीकडेच थांबले. १६५२ मध्ये आलेल्या डचांचा गहू आणि द्राक्षं मात्र तिथे छान रुजली. इस्लामही तिथे पोहोचला, पण उत्तरेसारखा घोड्यावरून नाही. डचांनी इंडोनेशियाकडून गुलाम आणि राजकीय कैदी आणले. मकासारचे शेख यूसुफ १६९४ मध्ये असेच हद्दपार होऊन आले. केपटाऊनच्या मुस्लिम वस्तीचा पाया त्या साखळदंडांतल्या लोकांनी घातला. हवामान दोन्ही टोकांना सारखंच. एका टोकाला मुसलमान राज्यकर्ते म्हणून आले, दुसऱ्या टोकाला कैदी म्हणून.

म्हणून हवामान माणूस घडवतं, या विधानापासून मी सावध राहतो. इब्न खलदूनने १३७७ मध्ये मुकद्दिमा लिहिताना पृथ्वीचे सात इक्लीम मानले. काळा रंग हा हामला मिळालेल्या शापाचा परिणाम आहे, ही जुनी समजूत त्याने खोडली आणि ऊन हे कारण दिलं. केवढी मोठी झेप! पण त्याच पुस्तकात तो पहिल्या इक्लीमच्या काळ्या लोकांना आणि सातव्याच्या स्लाव लोकांना कमी अकलेचे ठरवतो. रंगाचं कारण वैज्ञानिक, निष्कर्ष मात्र जुनाच.

त्याला उत्तर टिंबक्टूतून आलं असं म्हणता येईल. १५९१ मध्ये मोरोक्कोच्या सैन्याने सहारा ओलांडून ते शहर घेतलं. तिथले आलिम अहमद बाबा यांना पुढे कैद करून मराकेशला नेण्यात आलं. सुटून परतल्यावर १६१५ मध्ये त्यांनी गुलामगिरीवर एक ग्रंथ लिहिला. काळा म्हणजे गुलाम हे समीकरण शरीयतला मान्य नाही, मुसलमान कोणत्याही रंगाचा असो त्याला गुलाम करता येत नाही, असं त्यांनी ठामपणे मांडलं. गुलामगिरीच चूक आहे इथपर्यंत ते गेले नाहीत. त्यांच्या काळाची ती मर्यादा होती. आपल्या काळाला ती सबब नाही.

वर्गात एखाद्या सावळ्या मुलाला दुसरा मुलगा ‘हबशी’ म्हणून चिडवतो, तेव्हा मी रागावण्याआधी विचारतो, हजरत बिलाल (रजि.) कुठले होते? उत्तर सगळ्यांना येतं. मग त्यांना नकाशा दाखवतो: पहिली हिजरत इथे झाली, नाईलचं पाणी इथून आलं, डब्यातल्या भाकरीची नाचणी या उंच भागातली, मलिक अंबर इथला. शिवी म्हणून तो शब्द पुन्हा सहसा ऐकू येत नाही.

शिक्षक असाल तर आफ्रिका शिकवताना भूगोलाचा आणि इतिहासाचा तास एकत्र घेऊन पाहा. पट्टे काढा, पाऊस लिहा, आणि प्रत्येक पट्ट्यात एकच रकाना वाढवा: ओझं कोणी वाहिलं. घोडा, उंट, होडी, गाढव, वारा ही उत्तरं मुलं पटापट देतील. जिथे माणूस लिहावं लागेल तिथे थांबा. तिथवर वाट भूगोलाने दाखवली. पुढचं माणसाने ठरवलं, आणि त्याचा हिशेब माणसालाच द्यायचा आहे.